घळीतलं पाणी

घरामागं घळ आहे, हे श्रेयांस आल्यागेल्याला चहाच्याही आधी सांगायचा. गच्चीवर नेऊन दाखवायचा. अनगोळच्या पुढं शेतं मोडून वसलेलं हे लेआउट. एका अंगाला बंगल्यांच्या रांगा, दुसऱ्या अंगाला जमीन एकदम तुटून खाली गेलेली, आणि काळ्या कड्यांमधून ती खोल, चिंचोळी घळ डोंगराकडं वळत गेलेली. "असला व्ह्यू टिळकवाडीत मिळंल काय?" असं तो विचारी आणि पाहुणे माना डोलवीत.

त्याच्या आईला, अनुराधाआक्कांना, व्ह्यूचं काही नव्हतं. निपाणीकडचं घर आणि मळा विकून त्या लेकाकडं आल्या त्या घळीतल्या विहिरीच्या भरवशावर. कड्याच्या पायऱ्या उतरून गेलं की झऱ्यावर बांधलेली जुनी विहीर होती. आक्कांचा नेम होता, विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यानं गाळून तेवढंच प्यायचं. आणि गाळताना फडक्याला जे जीव राहतात, डोळ्यांना न दिसणारे, ती जिवाणी फडकं उलटं करून त्याच विहिरीत अलगद परत सोडायची. ज्याचं घर त्याला. बोअरचं पाणी त्यांना चालत नसे. पाइपातनं वर ओढलेल्या जीवाला परत खाली कुठल्या वाटेनं पोचवायचं?

गुडघे गेले तसा लेआउटचा वॉचमन रवळू सकाळी कळशी भरून आणू लागला आणि जिवाणीचा तांब्या माघारी नेऊ लागला. ही सोय सुनेनं, ब्राह्मीनं लावून दिली होती. जपाच्या शेवटी आक्का तिचं नाव घेत.

थंडीत एक वृद्ध जैन साध्वी, आर्यिका माताजी, निपाणीच्या बाजूनं पायी विहार करत आल्या आणि लेआउटमध्ये उतरल्या. दिवसातून एकदा, बसून, ओंजळीत जे पडेल तेवढंच अन्न आणि पाणी. तेसुद्धा दारातल्या माणसांनी 'आहार-जल शुद्ध आहे' असं तोंडानं सांगितलं तर. आदल्या दिवशी वाटेत कुठं आहाराचा विधी, मनाशी धरलेला नेम, जुळला नव्हता. माताजींना पाण्याविना उपवास घडला होता.

आक्कांनी ठरवलं, आजचं पाणी आपण स्वतः शेंदायचं. कुणाला न सांगता उजाडताच त्या बादली-दोर घेऊन निघाल्या आणि एकेका पायरीवर बसत बसत खाली उतरल्या.

वास आधी आला. मग विहीर दिसली. कड्यावरून एक जाडजूड पाइप खाली सोडलेला होता आणि त्यातून काळं पाणी थेट विहिरीच्या काठावर पडत होतं. आत साबणाचा फेस, प्लास्टिकच्या पिशव्या, कुणाच्या तरी बाळाचं फुगलेलं डायपर. हे पाणी कुणाच्या न्हाणीतलं, हे विचारायला नको होतं. वरच्या सगळ्यांच्या. आपल्याही.

वर येईस्तोवर ऊन चढलं होतं. गेटाशी रवळू झाडाला पाणी घालत होता.

"रवळू, माझी कळशी कुठनं भरतोस रं?"

"आक्का, सायबांनी सांगितलंय की..."

"सायबांनी काय सांगितलंय ते न्हाय विचारलं."

रवळूनं पाइप खाली टाकला. "टाकीखालच्या नळाला. बोअरचं. दिवाळीच्या आधीपासनं."

"आणि जिवाणी?"

त्यानं कंपाउंडलगतच्या गटाराच्या झाकणाकडं बघितलं. मग जरा धीर करून म्हणाला, "तसं बघितलं तर हिरीतच जातीय, आक्का. त्येच गटार तिकडं जातंय."

स्वयंपाकघरात सगळी तयारी झालेली होती. ब्राह्मी ओलेत्यानं वावरत होती, श्रेयांस शुभ्र धोतर नेसून नारळ पुसत होता.

"पाइप कुणी सोडला रं घळीत?"

श्रेयांसचा हात थांबला. "असोसिएशनचा ठराव होता, आई. ड्रेनेजची लाइन अजून आलेली न्हाय. मी सेक्रेटरी, सही करावीच लागती."

"मला का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू पाणी सोडलं असतंस. मग मी काय करायचं हुतं? आईला तहानेनं मारायचं?"

"आत्ती, लॅबमध्ये तपासून आणलंय," ब्राह्मी हळूच म्हणाली. "हिरीपेक्षा चांगलं हाय. आणि मी रोज गाळूनच देत हुते, तुमची शप्पत."

आक्का त्या गाळलेल्या पाण्याच्या पातेल्याकडं बघत राहिल्या. तेवढ्यात बाहेर "माताजी निघाल्या, माताजी निघाल्या" अशी हाक उठली.

"आई, आत्ता काही काढू नकोस," श्रेयांस घाईनं म्हणाला. "तू नुसती कलश धरून हुबी ऱ्हा. शब्द आम्ही म्हणतो."

घराघरांच्या दारात माणसं कलश-नारळ घेऊन उभी होती. माताजी आहाराला निघाल्याची खूण म्हणून उजवा हात खांद्याला लावून, खाली बघत, सावकाश येत होत्या. चालीत तोल नव्हता. श्रेयांसच्या दारासमोर त्या थांबल्या.

"वंदामि माताजी, वंदामि! अत्र तिष्ठ, तिष्ठ!" श्रेयांस आणि ब्राह्मी एका सुरात म्हणाले. "मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहार-जल शुद्ध आहे!"

माताजींनी नजर वर केली. पांढऱ्या लुगड्यातल्या, व्रत पाळणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडाकडं त्यांनी बघितलं. आक्कांचे ओठ मिटलेले होते. हातातला कलश त्यांनी खाली घेतला.

माताजी पुढं निघाल्या.

शेजारच्या दारात जयाबाईंनी आवाज चढवून तेच शब्द म्हटले. टाकी तीच, बोअर तेच. माताजी आत गेल्या. "जय जय!" असा गजर झाला आणि कुणीतरी घंटा वाजवली.

"साऱ्या लेआउटसमोर नाक कापलंस," श्रेयांस दातओठ खात पुटपुटला. "पाणी त्येच. नुसतं पुण्य शेजारी गेलं."

सगळी माणसं जयाबाईंच्या घरात शिरली, तशा आक्काही गर्दीबरोबर गेल्या आणि मागं भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पण जयाबाईंनी त्यांना हेरलंच.

"आक्का, अवो तिकडं काय हुब्या? या की म्होरं! तुमच्यासारख्या व्रती बाईच्या हातचं पाणी घडू दे माताजींना."

वाट झाली. सगळे बघायला लागले. माताजी पाटावर बसलेल्या, ओंजळ पुढं धरलेली. ओठांना भेगा पडलेल्या.

खरं सांगितलं तर ही ओंजळ सुटणार. अंतराय झाला, आहारात विघ्न आलं, की उद्यापर्यंत थेंब नाही. नाही म्हणून मागं फिरलं तरी माताजी समजणार, आणि सुटणारच. जयाबाईंनी तांब्या हातात दिला.

"मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी." आक्कांचा आवाज नेहमीसारखाच मऊ निघाला. त्याचंच त्यांना नवल वाटलं. "आहार-जल शुद्ध आहे."

त्यांनी बारीक धार धरली. माताजी प्याल्या. पुन्हा ओंजळ पुढं आली, पुन्हा प्याल्या. मग डोळे उघडून त्यांनी आक्कांकडं इतक्या विश्वासानं बघितलं की आक्कांनी तांब्या जयाबाईंकडं परत दिला.

बाहेर श्रेयांस उभा होता. राग पार उतरलेला, उलट ओझं उतरल्यासारखा चेहरा. आईचा दंड धरून तो तिला पायरीवरून उतरवू लागला.

"माताजींना चाललं, तू सोता पाजलंस," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "मग घरातल्या पाण्याचा आता काही प्रश्न न्हाय न्हवं? रवळूला सांगतो, उद्यापासनं कळशी नको. उगंच त्याची खेप."

रवळू गेटाशीच होता. त्यानं साहेबाकडं नाही, आक्कांकडं बघितलं.

आक्कांनी पदर कपाळावर पुढं ओढला. "सांग," त्या म्हणाल्या.