काल की कल?

मित्रांनो, मी एक जुनी टीप आहे. कागदावरची नव्हे, सॉफ्टवेअरमधली. पाटणकर बाजारातल्या एका छोट्या कंपनीत शरयूताईंनी मला लिहिलं. दवाखान्यातली सगळी घड्याळं एकमेकांशी जुळवायची आणि औषधाच्या वेळी घंटी वाजवायची, हे त्या सॉफ्टवेअरचं काम. कॉम्प्युटर मला वाचतच नाही, ओलांडून पुढे जातो मेला! मी आहे ती माणसांसाठी.

मी एवढीच होते: 'औषध दिल्याची तारिख कळली नाही, तर काल धरा.' म्हणजे औषध काल दिलं असं समजायचं. मग आज घंटी वाजते आणि कुणाच्या जिवावर बेतत नाही. शरयूताई होत्या तोवर नवी माणसं म्हणायची, वा, किती सोपं सांगितलंय! त्या रिटायर होऊन माधवगंजला घरी बसल्या आणि माझ्याकडे कुणी फिरकेना.

मग कंपनीची मुरारची शाखा आमच्यात विलीन झाली. दोन्हीकडचं सॉफ्टवेअर एक करायचं ठरलं, आणि जुन्या टिपांमधलं शुद्धलेखन सुधारायला राजलक्ष्मी आली. गुणी पोर, पण बोलता बोलता हिंदीत घसरणारी. तिनं 'तारिख'ची 'तारीख' केली. इतक्या वर्षांनी कुणी हात लावला, मी अगदी हरखले! मग तिनं 'काल'चा कानाही काढून टाकला. 'कल' झालं. हिंदीत 'कल' म्हणजे कालही आणि उद्याही. आता मी मागचा दिवस की पुढचा? माझं मलाच कळेना.

नवं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मधुसूदननं विचारलं, "राजलक्ष्मी, हे कल म्हणजे आगे का, की पीछे का?"

"औषधाचं आहे ना? तो फिर आगे का असेल."

अगं, नाही गं! पण मला आवाज कुठला? मधुसूदननं नव्या सॉफ्टवेअरमध्ये 'उद्या' धरून टाकलं.

ते सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून नर्स सुमनताईंचा फोन आला. "अहो, विजयाबाईंच्या हृदयाच्या गोळीची घंटी वाजलीच नाही! तुमचा बोर्ड म्हणतो, उद्याची पण देऊन झाली. मी सहज त्यांना विचारलं म्हणून कळलं, नाहीतर..."

राजलक्ष्मी रडकुंडीला आली. तिनं शरयूताईंना फोन लावून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, मी ते मराठीत लिहिलं होतं."

माझा काना मला परत मिळाला. मधुसूदननंही आपलं काम सुधारलं. राजलक्ष्मीनं माझ्याखाली एक ओळ लिहिली: 'काल म्हणजे गेलेला दिवस. शरयूताईंना विचारलं.'

मित्रांनो, आमच्या चुका जरूर सुधारा. पण आधी लिहिणाऱ्याला एकदा विचारा. माधवगंज काही लांब नाही.