आठ पदरांची बैठक

पुण्याकडचे लोक मला सतरंजी म्हणतील. आमच्याकडे मी जमखाना. जाड सुताचा, निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा, एका माणसाला ऐसपैस आडवं होता येईल एवढा. वय छत्तीस. एवढ्या वर्षांत माझं पायपुसणं होऊन जायला हवं होतं. ते झालं नाही, उलट म्हातारपणी मला नोकरी लागली. तीच गोष्ट सांगतो.

माझा जन्म बेळगावच्या वडगावातला. तिथे गल्लोगल्ली साड्यांचे माग. मला विणणारे रवळूअण्णाही साड्याच विणायचे, पण वर्षातून चार-पाच जमखाने हौसेनं काढायचे, ओळखीच्या माणसांसाठी. धोटा इकडून तिकडे पळायला लागला की ते कानडीत काहीतरी गुणगुणायचे आणि मध्येच थांबून चहा मागायचे. त्या चहाचा एक थेंब माझ्या काठावर पडला. तो डाग घेऊनच मी मागावरून उतरलो.

शहापुरातल्या एका शाळामास्तरांनी मला नेलं. त्यांच्या राजश्रीचं लग्न ठरलं होतं. निपाणीजवळच्या गावातलं जैनांचं शेतकरी घर, ऊस आणि तंबाखू, मुलाचं नाव पद्मराज. रुखवतात मी भांड्यांच्या शेजारी घडी घालून बसलो होतो आणि आलेली प्रत्येक बाई मला दोन बोटांत धरून जाडी बघत होती.

पुढची वीस वर्षं माझी चैन होती. दारात कुणी आलं की आतून आवाज यायचा, "जमखाना टाक गं!" माझ्यावर पाव्हणे बसले, बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, पूजेची ठरवाठरवी झाली. राजश्रीची मुलगी ब्राह्मी माझ्यावरच पालथी पडायला शिकली. मग घरात सोफा आला. माणसांची एक गंमत आहे, सोफा आला की त्यांना जमीन दूर वाटायला लागते. मी शेंगा वाळवायला गेलो, तंबाखूच्या पोत्यांवर पांघरला गेलो, आणि शेवटी माडीवरच्या खोलीत, माळ्यावर जाऊन पडलो.

माळ्यावर दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. मागच्या वर्षी भाद्रपदात जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व सरल्यावर राजश्रीआक्का त्या खोलीत येऊन फोनचा स्पीकर लावून ब्राह्मीशी बोलत होत्या. ब्राह्मी आता बेळगावात फिजिओथेरपिस्ट आहे.

"न्हाय गं, जेवले. बरी हाय मी," आक्का म्हणाल्या. मग एकदम, "मला खुर्ची दिली गं."

झालं होतं ते असं. गावातल्या बस्तीत बायकांची पूजा सुरू झाली की पहिल्या रांगेत बसून पूजा म्हणायचा मान तीस वर्षं राजश्रीआक्कांचा होता. आवाजच तसा, भरलेला आणि खणखणीत. पण दोन-तीन वर्षांत गुडघे आखडले. मांडी घालायला गेलं की गुडघे छातीशी येणार आणि पाठ मागं कलंडणार. पर्वाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना बसता येईना. तेव्हा प्रियदर्शनी नावाच्या शेजारच्या सुनेनं प्लॅस्टिकची खुर्ची आणली, मागं खांबाजवळ ठेवली आणि म्हणाली, "आक्का, तुमी इथं निवांत बसा. आमी म्हणतो पुढं."

"चांगल्या मनानं केलं गं पोरीनं," आक्का फोनवर सांगत होत्या. "पण मागनं माझा आवाज पुढं पोचंना आणि पुढचा सूर मला मिळंना. तिसऱ्या दिवसापासनं मी गेलेच न्हाय."

"आई, गुडघे दाखवलेस का?"

"दाखवले की. झीज फार न्हाय म्हणाले. आखडलेत, हालचाल ठेवा, योगासनं करा म्हणाले."

"मग कर की."

"आता? मी?" आक्का हसल्या. पण ते हसणं काही खरं नव्हतं.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी माळ्यावर हात आला आणि मी धपकन खाली पडलो. माझ्यातून एवढी धूळ उडाली की आक्कांना पाच मिनिटं शिंका येत होत्या. ती त्यांची योगाची पहिली तयारी म्हणायची.

पद्मराजआप्पा सहाला शेतावर गेले की आक्का माडीवर यायच्या, दाराला कडी लावायच्या, मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून उभा करायच्या. मोबाईलमध्ये एक शेलाटी मुलगी "अगदी सोपं आहे" असं म्हणत पायाचे अंगठे धरून कपाळ गुडघ्याला टेकवायची. आक्कांचे हात पोटऱ्यांपर्यंत जायचे आणि थांबायचे. "तुझं काय जातंय सोपं म्हणायला," असं त्या मोबाईलला ऐकवायच्या. एका पायावर उभं राहायचं आसन आलं तेव्हा त्यांनी कपाटाचं हँडल धरलं आणि ते हातात आलं.

पाचव्या दिवशी त्यांना ईर्ष्या चढली. आज अंगठे धरायचेच. एक झटका दिला आणि कमरेत अशी उसण भरली की त्या माझ्यावरच आडव्या झाल्या. कडी आतून. अर्धा तास त्या छताकडे बघत पडून होत्या आणि मी त्यांच्या पाठीखाली होतो. शेवटी रांगत गेल्या आणि कडी काढली.

आप्पा शेतावरून आले, बघितलं आणि चिडले. भ्याले होते, म्हणून जास्तच चिडले. "या वयात कसला योगा गं? एक दिवस रानात भांगलायला चल, झाला योगा! बंद कर हे सगळं." आणि मला गुंडाळून परत माळ्यावर फेकलं.

आठ दिवस आक्का पडून होत्या. रविवारी ब्राह्मी बसनं आली. तिनं आईची कंबर बघितली, आप्पांचं बोलणं ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, "आई, तू पहिल्या दिवसापासून काय काय केलंस ते सांग." आक्कांनी सांगितलं. कपाळावर हात मारल्याचा आवाज आला आणि ब्राह्मी हसली.

"अगं, तू एकदम पाचवीच्या वर्गात जाऊन बसलीस. कंबर मोकळी झाली की बालवाडीतून सुरू करायचं. तो जमखाना काढ."

तिनं मला दोनदा, मग तिसऱ्यांदा दुमडलं. आठ पदर झाले. चांगला पाटाएवढा उंच झालो मी. "याच्या कडेवर बस. अगदी टोकाला. आता मांडी घाल."

आक्का बसल्या. ब्राह्मीनं दोन्ही गुडघ्यांखाली एकेक उशी सरकवली. "अगं," आक्का म्हणाल्या, "पाठ सरळ राहतीया की!"

"बैठक उंच केली की गुडघे खाली उतरतात. आता पाच मिनिटं नुसतं बसायचं आणि श्वास बघायचा. मग भिंतीला पाठ लावून हात वर. मग मांजरासारखं ओणवं होऊन पाठ वर-खाली. आधी एवढंच. ओढ बसली तर चालेल, दुखलं की थांबायचं. आणि कडी लावायची नाही. पंधरा-वीस दिवसांनी जमलं तर पदर कमी करू."

दारात उभे असलेले आप्पा म्हणाले, "नुसतं बसायचं? ह्याला योगा म्हणत्यात?"

"तुम्ही बसून दाखवा आप्पा," ब्राह्मी म्हणाली. आप्पांना एकाएकी ऊसतोडीच्या टोळीचं काम आठवलं.

माझी नोकरी अशी सुरू झाली. जैनांच्या घरात संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकतं, त्यामुळे सकाळी पोट हलकं. उगवतीच्या उजेडात आक्का माडीवर यायच्या आणि मला दुमडायच्या. पहिले काही दिवस त्यांचं लक्ष श्वासावर कमी आणि खाली चुलीवर ठेवलेल्या दुधावर जास्त. दूध दोनदा उतूही गेलं. पण महिन्याभरात आठाचे सहा पदर झाले. होळीच्या सुमाराला सहाचे चार. एक उशी गेली. जिना उतरताना कठडा धरायचा त्या विसरायला लागल्या आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, त्यांच्या स्वतःच्याही नाही.

चारावर मात्र गाडी अडली. एप्रिल गेला, मे गेला. एक घडी उलगडून बसलं की डावा गुडघा बोंब मारायचा. रोज सकाळी त्या मला उलगडायच्या, बसून बघायच्या आणि पुन्हा दुमडायच्या. एका सकाळी त्यांनी दुमडलंच नाही. माझ्यावर तशाच पाय पसरून बसल्या. "बास झालं," मला म्हणाल्या की स्वतःला, कुणास ठाऊक. डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसलं, उठायला हात टेकला, आणि मग कशी कोण जाणे, परत बसल्या. "आजचा श्वास तेवढा करते," म्हणाल्या.

मिटल्या तोंडानं भुंग्यासारखा आवाज काढत श्वास सोडायचा, असं ब्राह्मीनं शिकवलं होतं. आक्कांनी डोळे मिटले. हूं लांबला. दुसरा त्याहून लांब. चौथ्या-पाचव्या वेळी त्या हुंकाराला आपोआप चाल लागली, बस्तीतल्या पूजेची. मग ओठ उघडले. त्या पूजा म्हणायला लागल्या. आधी हळू, मग मोकळ्या गळ्यानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझ्या सुताच्या पदरांतून तो आवाज मला खाली ऐकू येत होता, थेट त्यांच्या पोटातून येणारा. आवाज पूर्वीपेक्षा लांब पल्ल्याचा झाला होता. एवढे महिने भरलेला श्वास कुठे गेला होता ते तेव्हा कळलं.

त्या दिवशी आप्पा मोबाईल विसरले म्हणून वाटेतून परत आले होते. पूजा संपली तेव्हा ते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेले होते, टोपी हातात. आक्कांनी वळून बघितलं आणि लाजल्या.

"कधी आलासा?"

"मगाच." आप्पा टोपीची घडी करत राहिले. "लई दिवस झालं ऐकून. घर कसं मुकं मुकं झालतं." मग उठता उठता म्हणाले, "उद्या बी म्हणशील न्हवं?"

दुसऱ्या दिवसापासून दुधाकडे आप्पा बघायला लागले. उतू जायचं ते जायचंच, पण आक्कांचं लक्ष तरी खाली जाईना.

श्रावणात मी दोन पदरांवर आलो आणि उरलेली उशीही सुटली.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. पहिल्या दिवशी आक्कांनी पांढरी साडी नेसली आणि मला काखोटीला मारायच्या ऐवजी दाराशीच ठेवलं. "चार बायकांत जमखाना घालून बसायचं म्हणजे..." त्या आप्पांना म्हणाल्या.

"ज्यानं बसवलं त्याला घरी ठेवतीस व्हय?" आप्पांनी मला उचलून त्यांच्या हातात दिलं. याच माणसानं मला माळ्यावर फेकलं होतं, ते मी तिथल्या तिथं माफ करून टाकलं.

बस्तीत खांबाजवळ ती खुर्ची तयार होती. आक्का तिच्या शेजारून सरळ पुढं गेल्या. पहिल्या रांगेत प्रियदर्शनी बसली होती. तिनं वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि पटकन बाजूला सरकली. "या आक्का. तुमच्या जाग्यावर बसताना मला रोज चुकल्यासारखं व्हायचं."

आक्कांनी मला दोन पदरी अंथरलं आणि मांडी घातली. तिथली फरशी गार होती. पहिली ओळ निघाली आणि मागच्या बायकांची कुजबुज थांबली. प्रियदर्शनीनं दुसरा सूर धरला. दीड तास. मध्ये एकदा आक्कांनी मांडी बदलली, एवढंच.

पूजा झाली आणि त्या उठायला गेल्या, तर दोन्ही पायांना अशा मुंग्या आलेल्या की जागच्या हलेनात. "अगं, पाय माझं हायत का कुणाचं?" असं म्हणून त्या स्वतःच हसत सुटल्या. प्रियदर्शनीनं आणि शेजारच्या एकीनं काखेत हात घालून उचललं. तिघी हसता हसता पुन्हा माझ्यावरच बसल्या. बस्तीत एवढं हसू बरं नव्हे, पण त्या दिवशी कुणी रागावलं नाही.

बाहेर पडताना प्रियदर्शनीनं हळूच विचारलं, "आक्का, कसं केलासा हे? माझा बी उजवा गुडघा... पण सासूबाईंना सांगू नका."

आता आमच्या गच्चीवर सकाळी सहाजणी येतात. कुणी चादर आणते, कुणी गोधडी, प्रियदर्शनीच्या सासूबाई तर घोंगडंच घेऊन येतात. सुनेचं गुपित दोन दिवसही टिकलं नाही. आक्का सगळ्यांना आधी बैठक उंच करायला लावतात. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकून असतो, पण बंद. ब्राह्मीनं दिवाळीला जांभळी, रबरासारखी नवी चटई आणली. आक्कांनी ती बघितली, कौतुक केलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ठेवून दिली.

मी आता विरलोय. दोन ठिकाणी माझ्यातून पलीकडचं दिसतं आणि निळा पट्टा कुठला, तांबडा कुठला, हे मलाच आठवावं लागतं. तरी तुम्हाला एक विनंती करतो. तुमच्याही माळ्यावर, कपाटाखाली, दिवाणात माझ्यासारखं कुणीतरी असेल. त्याला खाली काढा. धूळ झटका. लागतील तेवढे पदर घाला आणि बसा. पदर मोजायला कुणी येत नाही, आणि आलंच तर त्यालाही बसवा.

बोलणं आवरतो, कारण बायका गेल्यात आणि आप्पा जिना चढून येताहेत. गेल्या आठवड्यापासून त्यांनीही सुरुवात केलीय, कुणाला न सांगण्याच्या अटीवर. आक्का माझी घडी घालायला वाकल्या, तर त्यांनी थांबवलं.

"घडी नको. पसर. ते उताणं पडून डोळं मिटायचं हाय न्हवं, ते घेतो."

"अहो, ते शेवटचं आसन. सगळी झाल्यावर करायचं असतंय."

"मग मी शेवटापासनं शिकत येतो," असं म्हणून आप्पा माझ्यावर लांब झाले. आक्का शेजारी जमिनीवरच बसल्या आहेत आणि "श्वास बघा, श्वास बघा" म्हणताहेत. तो बघायची काही गरज नाही. खाली अंगणापर्यंत ऐकू जाईल एवढा घोरतोय माणूस.