पानावर टेकलेला ठिपका

तुटक रेघ : पायवाट

सासऱ्यांनी बुटावरची जळू टिचकीने उडवली आणि पुन्हा शेजारच्या झाडाला मिठी मारली. सुनेला आधी वाटले, दम लागला असेल. पण दम लागलेला माणूस झाडाला पाठ टेकतो. हे तर दोन्ही हात पसरून बुंध्याचा घेर घेत होते, मग मान मागे टाकून वर पाहत होते. सकाळपासून त्यांचे हेच चालले होते.

"बाबा, गुडघा?"

"गुडघा मजेत आहे. तू तुझं शेवाळ बघ."

ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. त्यातही शेवाळ हा तिचा खास विषय, आणि घरातल्या थट्टेचाही. सासरे निवृत्त नकाशाकार. या डोंगराचा नकाशा त्यांनीच तरुणपणी काढलेला, इथे पाऊलही न टाकता. डॉक्टरांनी गुडघा बदलायची तारीख दिली तेव्हा त्यांनी हट्ट धरला: आधी त्या शिखरावर उभे राहायचे, तेही याच गुडघ्याने. नवरा तिला म्हणाला होता, "तूच आवर आता त्यांना." तिने त्याच दिवशी दोन पाठपिशव्या भरल्या.

सासऱ्यांच्या पिशवीतून प्लास्टिकची पारदर्शक नळी बाहेर डोकावत होती. गवंडी दोन भिंतींची पातळी पाहायला वापरतात, तसली.

"काका, ही कशाला?" पुढे चालणाऱ्या वाटाड्याने विचारले. "वर बंगला बांधायचाय?"

"बांधून झालाय. पाया तपासायचाय."

गर्द हिरवा : जंगल

वर आभाळ नव्हतेच. पानांवर पाने, त्यांवर आणखी पाने, आणि पाऊस थांबून तास झाला तरी एका पानावरून दुसऱ्यावर उतरत राहिलेले थेंब.

"विमानातून काढलेले दोन फोटो शेजारी ठेवायचे," सासरे सांगत होते. "यंत्राला डोळे लावले की डोंगर कागदावरून उठून उभा राहतो. मग उजेडाचा एक ठिपका अलगद खाली आणायचा. माथ्यावर टेकला की उंची वाचायची."

"पण वरून तर नुसती पानंच दिसणार."

"पानांवरच टेकायचा तो. मग झाडांचे म्हणून काही मीटर वजा करायचे."

"किती?"

"अंदाजाने." त्यांनी वाटेतली फांदी काठीने बाजूला सारली. "या डोंगराला दोन माथे आहेत, सूनबाई. मी दोन्हीकडे सारखेच वजा केले."

तिने चटकन आजूबाजूला पाहिले. खऱ्या माथ्याजवळ वारा आणि ढग झाडांना वाढू देत नाहीत. ती खुजी होतात, वाकतात, शेवाळाने मनगटाएवढी फांदी मांडीएवढी दिसू लागते. हे ती दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायची. इथे बुंधे अजून खांबासारखे सरळ वर गेले होते. सासऱ्यांनी पुढचे झाड कवेत घेतले. घेरावरून ते झाडाची उंची अजमावत आहेत, हे आता तिला विचारावे लागले नाही.

काळा त्रिकोण : शिखर

"आलो," वाटाड्या म्हणाला. "याच्यावर आता काही नाही."

पत्र्याची पाटी होती. तिच्यावर उंचीचा आकडा. सासऱ्यांनी रुमालाने तो पुसला, पण पाटीशेजारी फोटो काढून घ्यायला काही उभे राहिले नाहीत. एक झाड कोसळून समोर खिडकीसारखी मोकळी जागा झाली होती. खिडकीपलीकडे नुसता ढग.

त्यांनी नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वळवली, पाणी ओतले आणि तिच्या हातात दिली.

"दोन्हीकडच्या पाण्याची एक रेघ धर आणि पलीकडे बघ."

"तुम्हीच बघा ना, बाबा."

"माझ्या डोळ्यांना हवं तेच दिसेल."

ढग विरळ झाला. पलीकडचा माथा आधी करडा, मग हिरवा झाला. वाकलेली, शेवाळाने फुगलेली खुजी झाडे आणि मधोमध उघडा खडक. तिने श्वास रोखून पाणी स्थिर होऊ दिले. ढग पुन्हा येत होता. काहीच दिसले नाही, असे सांगता आले असते. तिने आणखी एकदा पाहिले.

"रेघ खडकाच्या खालून जातेय, बाबा. बरीच खालून."

सासऱ्यांनी मान डोलावली.

"म्हणजे मी इतकी वर्षं लोकांचे फोटो भलतीकडेच काढतोय?" वाटाड्या म्हणाला.

"तू कुठला. मी काढायला लावतोय."

पांढरी जागा : मोजणी बाकी

मधली खिंड खोल होती. सासऱ्यांनी काठीने उतार चाचपला आणि काठी मागे घेतली.

"तू जाऊन ये. याला बरोबर घे."

"आणि तुम्ही?"

"मी पाटी राखतो. नळी ने. तिथून इकडे बघ."

"इकडे काय बघायचं?"

"ते मला माहीत असतं तर तुला कशाला धाडलं असतं?"

खिंड चढून ती खडकावर पोचली तेव्हा हात कोपरापर्यंत ओल्या शेवाळाने माखले होते. एरवी ती तिथेच भिंग काढून बसली असती. आता तिने नळी धरली. पाटी असलेला माथा रेघेच्या पार खाली होता. तिने नजर वर नेली, आणखी वर. सगळ्या झाडांतून एकच झाड वर निघाले होते, पाटीजवळचे. त्याचा शेंडा रेघेपाशी थांबला नव्हता. वीतभर का होईना, वर गेला होता.

"बाबा!" तिने हाक मारली. "पाटीजवळचं झाड! त्याचा शेंडा माझ्याही वर आहे! तुमचा ठिपका त्यावरच टेकला असणार!"

हाक खिंडीत दोनदा फिरली. ढग सरकला आणि खिडकीत सासरे दिसले, बोटाएवढे. त्यांची पाठ इकडे होती, दोन्ही हात बुंध्याभोवती, मान मागे टाकलेली.

"काका दमले वाटतं," वाटाड्या म्हणाला.

"दमले नाहीत," ती म्हणाली, आणि पाणी सांडू नये म्हणून नळीची दोन्ही तोंडे अंगठ्यांनी दाबून धरली.