मिस्त्रीची वकील

भूत व्हायला आधी मरावं लागतं असं ज्याने ठरवलं, त्याने कंपनीत नोकरी केलेली नसावी. वकीलबाईंच्या मानगुटीवर बसलेला लिफ्टचा मिस्त्री चांगला धडधाकट होता. जामिनावर सुटून स्वतःच्या घरी दोन वेळा जेवत होता.

बाई लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीच्या पगारी वकील. एका इमारतीत कंपनीची लिफ्ट कोसळली आणि आतली शिक्षिका जागीच गेली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री बाईंच्या खोलीत आला. हातातली टोपी नुसती पिळत होता.

"मॅडम, तुमच्याशी बोललेलं बाहेर जात नाही ना?"

"नाही जात. घाबरू नका, बोला."

मग तो घडाघडा बोलला. ब्रेक झिजलाय हे त्याला माहीत होतं. मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू. तोवर चालव, नाहीतर घरी बस." पोरं डोळ्यांपुढे आली आणि त्याने लिफ्ट चालू ठेवली. सांगता सांगता तो रडला. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

पाणी दिलं, पण एक वाक्य द्यायचं राहिलं. 'मी कंपनीची वकील आहे, तुमची नाही.' शिकाऊ वकिलालाही हे पाठ असतं. राहिलं कसलं, बाईंनी ते गिळलं! सांगितलं असतं तर तो तसाच उठून गेला असता, आणि कंपनीला सगळं हवं होतं.

संध्याकाळी त्यांनी ते साहेबांना सांगितलं. सांगणं भागच होतं; अशील कंपनी, आणि कंपनी म्हणजे साहेब. साहेबांचा चेहरा आधी उतरला, मग खुलला.

"म्हणजे हे अशील आणि वकील यांच्यातलं. मी हो म्हटल्याशिवाय तुम्हाला तोंड उघडता येणार नाही, बरोबर?"

"बरोबर."

"मग अळीमिळी गुपचिळी."

तेव्हापासून बाईंना समोरची खुर्ची रिकामी दिसेना. शिपायाला सांगून ती बाहेर काढली, तर मिस्त्री उभाच राहू लागला. घरी त्या जिने चढून धापा टाकत यायच्या. नवरा चेष्टा करायचा, "अगं, लिफ्टवाल्यांचं मीठ खातेस आणि पाय झिजवतेस?" त्याला काय सांगणार, कपाळ! लिफ्टचं दार उघडलं की आत दोघं दिसायची. शिक्षिका बिचारी गप्प असायची. मिस्त्री मात्र विचारायचा, "बाहेर जात नाही ना?" बाईंना भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटायची.

खटला उभा राहिला. मिस्त्रीला वकीलही कंपनीनेच दिला, आणि त्याने एकच धडा गिरवून घेतला: साहेबांचं नाव घेऊ नकोस, पोरांचं आम्ही बघू. मग साक्षीला बाईंची पाळी आली.

"आरोपीने तुम्हाला काय सांगितलं?" सरकारी वकिलाने विचारलं.

बाई म्हणाल्या, "अशिलाने वकिलाला सांगितलेलं मला सांगता येणार नाही."

पिंजऱ्यात मिस्त्रीने सुटकेचा निःश्वास सोडला. कोर्ट उठल्यावर तो गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडे आला. डोळे भरले होते.

"मॅडम, शब्द पाळलात. मला तुमच्याशिवाय कोणी नाही बघा."

साहेब जिन्यापाशी फोन कानाला लावून इकडेच बघत होते. तोंड उघडलं की नोकरी गेली, हे बाईंना स्पष्ट दिसत होतं.

"मिस्त्री, ऐका. मी तुमची वकील नाही. कधीच नव्हते. माझा अशील कंपनी आहे. कुलूप माझ्या तोंडाला आहे, तुमच्या नाही. स्वतःचा वकील करा. जे घडलं ते तुम्ही सांगू शकता."

तो भूत दिसावं तसा त्यांच्याकडे बघत मागे सरला.

"मग मी ते सगळं सांगितलं कोणाला?"

"साहेबांना," वकीलबाई म्हणाल्या.