ज्या सकाळी मी पेटलो नाही

मी एक जुना पितळी स्टोव्ह आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल. तुमच्या घरी बटण फिरवलं की जाळ येतो. माझं तसं नव्हतं. माझ्या पोटात रॉकेल भरायचं, भिजवलेला काकडा लावून बर्नर तापवायचा, मग चावी आवळून पंप मारायचा. एवढी मनधरणी झाली की मी निळा जाळ काढायचो आणि त्याच्यासोबत आवाज. भर्रर्र! तो तीन घरं पलीकडे जायचा. त्या आवाजापायी मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्याच आवाजाची आहे.

शहाण्णव साल सरत आलं होतं. कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात मी फळीवर चकाकत बसलो होतो. सिद्धार्थनगरातल्या आक्का तिथं आल्या. त्यांच्या मुलाचं, प्रसेनजीतचं, नुकतंच लग्न झालं होतं. तो वीज मंडळात वायरमन होता आणि त्याची बदली चंदगडला झाली होती. नवा संसार, तोही परगावी. दुकानदाराने मला पेटवून दाखवलं. आक्का दोन पावलं मागं सरल्या.

"लईच वरडतंय की हे!"

"आक्का, वरडतंय तवा जाळ हाय," दुकानदार म्हणाला. "गप बसंल त्या दिवशी काळजी करा."

तो आपला माल खपवण्यासाठी बोलला होता. पुढे हे बोलणं किती खरं होणार आहे, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

निघताना आक्कांनी सुनेला, निशाला, एकच गोष्ट बजावली. "नव्या घरात पयल्यांदा खीर करायची. आपण वैशाखी पुनवेला करतो तशी. आनि पयली वाटी, दारात जो पयला येईल त्याला. कोन हाय ते बगायचं न्हाय." त्यांच्या घरात हे कधीपासून चालत आलं होतं, ते आक्कांनाही सांगता आलं नसतं.

पोत्यात बांधून मला एसटीत घातलं. कंडक्टरने नाक वर केलं.

"पावणं, स्टोव्हात रॉकेल हाय काय?"

"थेंब न्हाय," प्रसेनजीत म्हणाला.

"मग वास कशाचा येतोय?"

"ह्यो दुकानात पेटवून दाखवला होता. अजून त्याच तोऱ्यात हाय," निशा म्हणाली. कंडक्टर हसला आणि त्याने मला आपल्या सीटखाली जागा दिली.

चंदगडच्या खोलीत मी पहिल्यांदा खऱ्या कामाला लागलो. खीर झाली. निशा वाटी घेऊन दारात बसली. दारात पहिलं आलं ते एक लंगडं कुत्रं.

"कुत्रं ह्यात मोजायचं नसतंय," प्रसेनजीत म्हणाला.

"'कोन हाय ते बगायचं न्हाय,' असं आक्का म्हणाल्यात," निशा म्हणाली आणि तिने वाटी खाली ठेवली. त्या दिवसापासून ते कुत्रं आमच्या दारातून हललं नाही. फुकटचा राखणदार मिळाला.

फेब्रुवारी संपता संपता एक गंमत झाली. निशाला माझा वास सहन होईना. मला पेटवलं की ती तोंडाला पदर लावून बाहेर पळायची. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. वॉशर बदलला, पिन मारली, चिंचेने घासूनही झालं. तरी तिचं आपलं तेच. शेवटी प्रसेनजीतने मला उचलून व्हरांड्यात, त्या कुत्र्याशेजारी ठेवलं आणि तो स्वतःच तिथं भात शिजवू लागला. मी फार हिरमुसलो. घरात बाळ येणार आहे हे मला आठ दिवसांनी कळलं. तेही शेजारणींच्या हसण्यावरून.

चौथा महिना लागला आणि निशाला डोहाळे लागले. चिंच नको, आवळा नको, बाईंना समुद्र हवा होता! प्रसेनजीतने दोन दिवसांची रजा टाकली. डॉक्टरीणबाईंना विचारून, गाड्या बदलत आणि घाट उतरत दोघं वेंगुर्ल्याला पोचली. मीही बरोबर होतो, कारण बाहेरचं काही खायचं नाही असा आक्कांचा हुकूम होता. वाळूत मला पेटवायला सगळी काडेपेटी संपली. वारा काही जाळ टिकू देईना. प्रसेनजीत एका बाजूला लुंगी धरून उभा, दुसऱ्या बाजूला निशा पदर धरून उभी, आणि मध्ये मी. अखेर चहा झाला. निशाने माझ्यावर वाकून एक मोठा श्वास घेतला.

"अवं, वास याचा थांबला की!"

"त्याचा वास हाय तिथंच हाय. तुजी मळमळ गेली," प्रसेनजीत म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा घरात आलो. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

ऑगस्टमध्ये पुन्हा बदली झाली, या वेळी गडहिंग्लजला. निशाला सातवा महिना होता. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण कोल्हापूरला आक्कांजवळ करायचं ठरलं होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आक्का तिला न्यायला येणार होत्या. तोवर डोक्यावर छप्पर हवं होतं आणि ते मिळत नव्हतं. खोल्या पुष्कळ होत्या. पण मालक आडनाव विचारायचे, आणि आम्ही बौद्ध आहोत हे कळलं की रिकामी खोली बघता बघता भरून जायची. कुणाचा भाचा शिकायला येणार असायचा, कुणाचा पोतं-पसारा यायचा असायचा. पाच दारं झाली. निशा एका पारावर पाय सोडून बसली. तिच्या घोट्यांना सूज आली होती. माझं पोतं तिच्या मांडीला टेकलेलं होतं, म्हणून तिचा थकवा मला कळत होता.

सहावं दार बयाबाईंचं होतं. गावाच्या कडेला घर, दोन म्हशी, आणि गोठ्याला लागून एक खोली. एकटी म्हातारी. तिनेही आडनाव विचारलं, ऐकून घेतलं. मग तिची नजर निशाच्या पोटाकडे गेली आणि पायांकडे.

"ऱ्हावा," ती म्हणाली. "पर माझ्या सैपाकघरात यायचं न्हाय. मीबी तुमच्यात यायची न्हाय."

त्या खोलीत खीर झाली. दूध बयाबाईंच्याच म्हशीचं. पण तिची दूध घालायची रीत वेगळी होती. ती उंबऱ्याबाहेर उभी राहायची, निशाने पातेलं पुढे धरायचं आणि ती वरून धार सोडायची. भांड्याला भांडं लागू नये इतक्या उंचावरून. त्या दिवशी दारात पहिली आली तीच. निशाने वाटी पुढे केली.

"आज उपास हाय माझा," बयाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तिचा उपास होता आणि तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी निशाने ती वाटी धुऊन फळीवर पालथी घातली. त्या दिवशी मी माझा जाळ जरा कमीच ठेवला.

माझ्यावर मात्र बयाबाईंचा राग उघड होता. मी सकाळी सहाला पेटलो की ती पलीकडून मला विमान ठरवून ओरडायची, "उडालं बग इमान! म्हस बुजतीया माझी!" तरी एक गंमत माझ्या लक्षात आली होती. मी भर्रर्र केलं की थोड्या वेळाने ती दूध घेऊन यायची. माझ्या आवाजावर तिने आपलं घड्याळ लावलं होतं.

आणि मग तो सप्टेंबरातला गुरुवार आला. आदल्या दिवसापासून पाऊस कोसळत होता. एका खेड्यात विजेचे खांब पडले होते. प्रसेनजीत तिकडे गेला होता आणि रस्त्यावर पाणी आल्याने तिथेच अडकला होता. सकाळी निशा नेहमीसारखी माझ्यापाशी येऊन बसली. काकडा भिजवला, काडेपेटी घेतली. आणि काडी ओढायच्या आत ती खाली कोसळली. बाळ तीन आठवडे आधीच निघालं होतं!

"मावशी!" तिने हाक मारली. पत्र्यावर पाऊस वाजत होता, गोठ्यात म्हशी हंबरत होत्या. हाक भिंतीपलीकडे गेलीच नाही. पुन्हा मारली. मग तिचा आवाज बारीक होत गेला. मित्रांनो, तीन घरांना ऐकू जाणारा गळा माझ्याकडे होता, पण काडी तिच्या हातात होती. जन्मात इतकं ओरडावंसं मला कधी वाटलं नाही. आणि मी नुसता बसून होतो, थंडगार.

सहा वाजून गेले. सव्वासहा झाले असतील. तेव्हा बाहेर पावलं वाजली.

"का गं? आज इमान उडालं न्हाय ते?"

बयाबाई उंबऱ्याशी उभी होती. हातात दुधाची किटली. दार लोटलेलं होतं. "पोरी?" आतून नुसतं कण्हणं आलं. ती थांबली. तिचे चिखलाने भरलेले पाय मला दाराखालच्या फटीतून दिसत होते. किती वेळ थांबली ते मला सांगता येणार नाही. मला तरी तो फार वाटला. मग दार भिंतीवर आदळलं. ती आत आली, किटली तिने सरळ माझ्यावर ठेवली आणि खाली बसून निशाचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

"भिऊ नगंस. मी हाय न्हवं? मी बगते सगळं."

एवढ्यात डेअरीचा टेम्पो आला. गुंडू नावाचा माणूस रोज त्या वेळी दुधाचे क्यान गोळा करत यायचा. बयाबाई पावसात आडवी जाऊन उभी राहिली.

"गुंडू, क्यान उतर खाली! पोरगीला दवाखान्यात न्यायची हाय!"

"मावशी, समद्या गल्लीचं दूध हाय, नासंल की!"

"नासू दे! म्हशी उद्या बी दूध द्येतील!"

निशाला उचलून नेलं. मी त्या उघड्या खोलीत किटली डोक्यावर घेऊन बसून राहिलो. दुपार झाली. वाटेवरून जाणारी माणसं बोलत होती, त्यातून मला कळलं. मुलगी झाली होती. नाजूक होती, पण रडली होती. चांगली मोठ्याने रडली होती, असं गुंडू सगळ्यांना सांगत होता. जसं काही त्यानेच तिला शिकवलं होतं.

रविवारपर्यंत आक्का आल्या, प्रसेनजीत आला आणि निशा बाळाला घेऊन घरी आली. बाळाचं नाव प्रीती. आक्कांनी आल्या आल्या फर्मान काढलं, "घरात नवं मानूस आलंय. खीर करा." मी पेटलो. भर्रर्र! पलीकडे म्हैस बुजली. नेहमीसारखी बयाबाई दूध घेऊन आली, पण उंबऱ्यावर थांबली नाही. आत येऊन बसली आणि किटली कलती करून पातेल्यात दूध ओतलं. किटलीची कड पातेल्याला लागली. ठण्ण!

निशाने फळीवरची पालथी वाटी सुलटी केली. तिच्या ओठांत हसू होतं.

"मावशी, आज उपास न्हाय न्हवं?"

"टोमणा मारतीस व्हय गं?" बयाबाई म्हणाली. तिने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "आन हिकडं. दीड महिन्याचा उपास हाय. एका वाटीनं सुटायचा न्हाय."

त्या दिवशी तिने तीन वाट्या खाल्ल्या. मी मोजल्या.

डिसेंबरात आम्ही पुन्हा कोल्हापूरला आलो. माझ्या पहिल्या वर्षातली ती तिसरी बदली. पुढे दोन हजार तीन साली घरात गॅस आला आणि माझं काम संपलं. मी माळ्यावर गेलो. माझ्यावर धूळ बसली, पिन हरवली, पितळ काळं पडलं. एकदा प्रसेनजीत मला मोडीत घालून नवं भांडं आणायला निघाला होता. निशा दारात आडवी उभी राहिली. "तुमी त्या दिवशी घरात न्हवता. हा होता," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही. वर्षातून एकदा, प्रीतीच्या वाढदिवसाला, मला खाली काढून चिंचेने घासतात. गडहिंग्लजची बस गाठून बयाबाई येते. बरोबर तूप असतं. माझ्याकडे बघून दरवर्षी एकच वाक्य म्हणते, "गप बसलाय बग कसा, शाण्यावानी."

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी सांगणार नाही. ठेवलंत तर आवडेल, पण सांगणार नाही. माझं मागणं दुसरंच आहे. तुमच्या शेजारच्या घरातूनही रोज कसला तरी आवाज येत असेल. कुणाचा पाटा, कुणाचा रेडिओ, कुणाचा खोकला. त्याला खुशाल नावं ठेवा. पण एखाद्या सकाळी तो आला नाही, तर हातात जे असेल ते घेऊन तसेच उठा आणि त्या घराचा उंबरा ओलांडा. आत कुणीतरी काडी हातात घेऊन तुमची वाट बघत असेल.