खरं बोलणारा काटा

सुगंधाबाईनं भट्टीला नकार दिला नव्हता. तिचं म्हणणं एवढंच होतं, की ती फुटायच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे.

भट्टी दारूची नव्हती. हे गावात बऱ्याच जणांना समजावून सांगावं लागलं, कारण सावली तालुक्याच्या त्या बाजूला भट्टी म्हटली की लोकांना मोहाची दारूच आठवते. सुगंधाबाईच्या मुलानं, धनराजनं, जंगलाला लागून असलेल्या वरच्या पट्टीत गवती चहा लावला होता. तिथं सोयाबीन लावून पाहिलं, तूर लावून पाहिली. रानडुकरं काही ठेवत नव्हती. गवती चहाला मात्र डुक्कर तोंड लावत नाही. नुसता पाला विकून फारसं हाती लागत नव्हतं, पण त्याचं तेल काढलं तर अगरबत्ती आणि साबण करणारे घ्यायला तयार होते. म्हणून धनराजनं चंद्रपूरच्या एका वेल्डरकडून स्टीलची टाकी करून आणली. खाली पाणी, मध्ये जाळी, जाळीवर गवत. वर झाकण, त्याला रबराचं कडं आणि चारही बाजूंनी आवळायचे चाप. झाकणातून निघालेली नळी थंड पाण्याच्या हौदात वेटोळे घेत बाहेर यायची आणि तिच्या तोंडातून पाणी आणि तेल थेंब थेंब पडायचं.

सुगंधाबाईनं टाकीभोवती एक चक्कर मारली आणि चापांवर बोट ठेवलं.

तिचं माहेर वैनगंगेच्या पलीकडचं, गडचिरोलीच्या बाजूचं. ती लहान असताना काकाच्या घरामागं मोहाची भट्टी लागायची. मडक्यावर मडकं आणि फटी मातीनं लिंपलेल्या. एकदा नळी कशानं तरी तुंबली आणि वरचं मडकं उडालं. समोर काकू बसली होती. काकू वाचली, पण पुढं जन्मभर ती एका बाजूनं पदर ओढूनच माणसांशी बोलली. ही गोष्ट सुगंधाबाईनं सासरी कोणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली. मग म्हणाली, की मडक्याला निदान मातीच्या फटी होत्या, ह्या टाकीला तर एकही फट नाही.

"नळी बंद झाली तं वाफ कुठून निंगन?" तिनं विचारलं.

धनराजनं झाकणावरचा थर्मामीटर दाखवला. घड्याळासारखी गोल तबकडी, त्यात काटा. वाफ मोकळी जात असली की काटा शंभराच्या आसपास थांबतो, त्याच्या वर चढायला लागला तर समजायचं की आत वाफ कोंडली, असं त्यानं सांगितलं. सुगंधाबाईनं ते नीट ऐकून घेतलं.

"अन् काटाच खोटा बोलला तं?"

ह्याचं उत्तर होतं धनराजच्या बायकोकडं, पुनमकडं. ती बारावीपर्यंत सायन्सला होती. तिनं झाकणावरून थर्मामीटर काढला, चुलीवर पाण्याचं गंज ठेवलं आणि पाणी खळखळ उकळायला लागल्यावर त्याचा दांडा आत बुडवला. काटा अठ्ठ्याऐंशीवर जाऊन थांबला आणि पुढं हलला नाही. पाणी तर समोर उसळ्या मारत होतं. म्हणजे हा काटा खोटा होता, आणि तो खोटं सांगत होता तेही धोका कमी दाखवण्याच्या बाजूनं. धनराज तबकडीवर टिचक्या मारत राहिला. सुगंधाबाईनं त्याला सांगून टाकलं, की खरा काटा आणल्याशिवाय ह्या घरात भट्टीला जाळ लागणार नाही.

घरातला ताप मोजायचा थर्मामीटर पुनमच्या सासऱ्यांनी, दादाजींनी, आणून दिला. तो बेचाळीसपर्यंतच मोजतो, एवढं आपल्याकडं उन्हाळ्यात सावलीतसुद्धा होतं, असं पुनमनं हसत सांगितलं आणि तो परत फळीवर ठेवला. मग धनराजनं शाळांना सामान पुरवणाऱ्या दुकानातून काचेचा आणला. तो अगदी खरा निघाला. उकळत्या पाण्यात त्याची लाल रेघ शंभराच्या किंचित अलीकडं थांबली आणि बाजारातल्या मासेवाल्याकडून आणलेल्या बर्फाच्या चुऱ्यात बरोबर शून्यावर उतरली. पण ती रेघ वाचायला तोंड झाकणाजवळ न्यावं लागायचं, आणि सुगंधाबाईला नेमकं तेच नको होतं. त्यानंतर मोबाइलवरून मागवलेला आकड्यांचा आला. तोही खरा होता, पण पहिल्याच वाफेत त्याच्या काचेत पाणी शिरलं आणि आकडे अर्धेच दिसायला लागले.

शेवटी सुगंधाबाई म्हणाली की, मीच येते. ती आणि पुनम सकाळच्या एसटीनं चंद्रपूरला गेल्या.

पाइप, नळ, नट-बोल्ट विकणारं दुकान होतं. दुकानदारानं काउंटरवर चार थर्मामीटर मांडले. चारही मोठ्या तबकडीचे, लांबून दिसणारे. कोणताही घ्या, सगळे कंपनीचेच आहेत, असं तो म्हणाला. पुनमनं वाकून पाहिलं. एकाच काउंटरवर ठेवलेले असूनही चारही काटे वेगवेगळ्या ठिकाणी होते. तिनं सासूला ते दाखवलं.

सुगंधाबाईनं दुकानदाराला शांतपणे विचारलं, "भाऊ, एकाच दुकानात ह्याले थंडी अन् त्याले गरमी काऊन होऊन राह्यली?"

दुकानदारानं आधी हवामानाचं काहीतरी सांगून पाहिलं. मग तोही वाकून चारही काटे पाहायला लागला. पुनमनं विचारलं की हे उकळत्या पाण्यात घालून पाहता येतील का. त्याला ते पसंत नव्हतं, पण दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं आणि आता त्यालाही कुतूहल वाटत असावं. तो चारही थर्मामीटर घेऊन त्यांच्याबरोबर शेजारच्या चहाच्या टपरीवर गेला.

टपरीवाला जंगू म्हणून होता. चहाच्या भांड्यात लोखंड घालू देणार नाही, असं त्यानं आधीच बजावलं. मग स्वतःच एक वेगळं पातेलं काढून त्यात नुसतं पाणी ठेवलं. पाणी उसळायला लागल्यावर पुनमनं एकेक दांडा आत धरला. पहिल्याचा काटा ब्याण्णवपाशी अडला. दुसरा एकशे पाचच्या पुढं गेला. तिसरा आणि चौथा दोन्ही शंभराच्या एक रेघ अलीकडं थांबले. चहा प्यायला आलेली माणसं आता पातेल्याभोवती उभी होती. त्यांतल्या एकानं तिसरा घ्या म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं चौथा.

सुगंधाबाईनं दोन्ही बाहेर काढून गार होऊ दिले आणि पुन्हा बुडवायला लावले. एकदा खरं बोलणारं माणूस दुसऱ्यांदा तेच बोलतं का, हे तिला पाहायचं होतं. तिसऱ्याचा काटा ह्या वेळी मध्येच अडखळला. चौथा सरळ जाऊन आपल्या आधीच्याच जागी थांबला. तिसऱ्यांदा बुडवला तरी तिथंच.

"हाच," ती म्हणाली.

दुकानदारानं उरलेले तिन्ही वेगळ्या पिशवीत घातले, हे परत पाठवावे लागतील असं पुटपुटत. जंगूनं पाण्याचे पैसे घेतले नाहीत. दोघींनी तिथंच चहा घेतला आणि दुपारच्या गाडीनं त्या घरी आल्या.

पुनमनं तबकडीवर शंभराच्या थोडं पुढं नेलपॉलिशची लाल रेघ ओढली. सुगंधाबाईनं टाकीपासून बऱ्याच अंतरावर आपली बाज टाकली. तिथून तिला आकडे दिसत नव्हते, पण काटा आणि रेघ दिसत होती. पहिल्या दिवशी ती बाजेवर बसलीसुद्धा नाही, उभीच राहिली. काटा शंभरापाशी जाऊन थांबला आणि भट्टी विझवेपर्यंत हलला नाही. मग तिला सवय झाली. तेल निघत राहिलं, बाटल्या भरत राहिल्या. दाराशी लिंबासारखा वास राहू लागला आणि गावातले लोकही मोहाचं विचारायचे थांबले.

पौषातल्या एका सकाळी धनराजनं दोन घाण्यांचं गवत एकाच घाण्यात घालायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तेल नेणारा माणूस येणार होता. त्यानं गवत पायानं दाबून दाबून टाकी तोंडापर्यंत भरली, चाप आवळले, जाळ लावून दिला आणि तो उरलेलं गवत कापायला शेतात गेला. पुनम नळीच्या तोंडाशी बाटली धरून बसली. सुगंधाबाई बाजेवर होती.

सुरुवातीला थेंब नेहमीसारखे पडले. मग मंद झाले. पुनमला वाटलं जाळ कमी पडला, म्हणून तिनं आणखी दोन लाकडं सारली. थेंब आणखी कमी झाले. सुगंधाबाईचं लक्ष तबकडीवर होतं. काटा नेहमीच्या जागेवरून निघाला, लाल रेघेपर्यंत आला आणि रेघ ओलांडून पुढं गेला.

"पुनम, उठ तिथून," ती म्हणाली.

पुनमनं मागं पाहून सांगितलं की थेंबच पडत नाहीत, तर वाफ जास्त कशी असेल, काटा चिकटला असेल. आणि तिनं शेजारी पडलेला पाना उचलला. झाकणाजवळचा नळीचा नट थोडा सैल करून पाहू, असं तिच्या मनात होतं. तिचा चेहरा त्या नटापासून हातभर अंतरावर होता.

सुगंधाबाईला बाजेवरून उठल्याचं नंतर आठवत नव्हतं. तिनं पुनमचा दंड धरला आणि तिला ओढत अंगणाच्या टोकाला नेलं. पुनम पडली, तिचा गुडघा सोलला. मग सुगंधाबाई लांब दांड्याचं फावडं घेऊन परत गेली. टाकीच्या मागच्या बाजूनं, अंग आडवं करून तिनं पेटती लाकडं एकेक बाहेर ओढली आणि त्यांच्यावर हौदातलं पाणी ओतलं. अंगणभर धूर झाला. धुरातून काटा दिसेना. दिसला तेव्हा तो आणखी थोडा वर होता. मग तो तिथंच थांबला आणि बऱ्याच वेळानं खाली सरकायला लागला.

धूर पाहून धनराज शेतातून धावत आला. पुनमच्या गुडघ्याला फडकं बांधलेलं, जाळ विझलेला, आणि सगळं गवत आत अर्धवट शिजलेलं. काय झालं ते त्यानं ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. काटेच ते, आधीचे बिघडले तसा हाही बिघडला असणार, असं तो म्हणाला. त्याला लगेच झाकण उघडून पाहायचं होतं.

"काटा पुरा खाली येऊ दे," सुगंधाबाई म्हणाली. "तवरक हात लावू नोको."

ती टाकीच्या आणि त्याच्या मधे उभी राहिली. तो ओट्यावर जाऊन बसला.

ती वाट पाहणं फार कठीण गेलं. सुगंधाबाईच्या मनात आता वेगळीच भीती आली होती. नळी साफ निघाली तर? मग ती म्हणजे जुनं काही मनात धरून सुनेला पाडणारी, मुलाच्या दोन दिवसांच्या मेहनतीवर पाणी ओतणारी म्हातारी. उद्यापासून तिच्या बोलण्याला कोण काय किंमत देणार. आणि मग तिला जाणवलं, की नळी तुंबलेली निघावी असं आपल्याला मनातून वाटतंय. सुनेच्या तोंडासमोर मरण बसलेलं असावं, असं कोणी मागतं का? तिला स्वतःचीच लाज वाटली. ती खाली मान घालून उभी राहिली.

काटा उतरला. टाकीला हात लावता यायला लागला. धनराजनं नट सोडवला, नळीचा झाकणाजवळचा तुकडा काढला आणि तोंडाला लावून फुंकर मारली. हवा गेली नाही. त्यानं पुन्हा फुंकलं, गाल फुगवून. मग त्यानं जाड तार आणली आणि दुसऱ्या बाजूनं रेटली. शिजून काळपट झालेल्या गवताचा घट्ट बोळा नळीतून निघून त्याच्या पायापाशी पडला.

धनराजनं बोळा उचलला, दाबून पाहिला आणि पुनमकडं बघितलं. आपणच दाबून भरलेलं गवत वर उचललं जाऊन नळीत बसलं, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

"पाना लावला असता तं समदं तुह्या तोंडावर आलं असतं," तो म्हणाला.

पुनम आतापर्यंत धीट होती. हे ऐकलं आणि ती रडायला लागली. सुगंधाबाई तिच्याजवळ बसली. गुडघ्यावरचं फडकं सोडून तिनं जखम पाहिली, जास्त लागलं का विचारलं. पुनमनं मान हलवून नाही म्हटलं आणि सासूच्या मांडीवर डोकं टेकवलं. सुगंधाबाईच्या छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. लाज कुठं गेली तेही तिला कळलं नाही. सून समोर होती, दोन्ही डोळ्यांनी रडत होती. तेवढं पुरे होतं.

धनराज वेल्डरला फोन लावून बोलत होता. कुकरला असते तशी, जास्त वाफ झाली की आपोआप उडणारी शिटी झाकणाला बसवून पाहिजे, आणि ती बसल्याशिवाय मी भट्टी लावणार नाही, असं तो सांगत होता. नळीच्या तोंडावर जाळीही मागत होता. आणि गवत ह्यापुढं टाकीच्या गळ्याच्या खालीच, असं फोन ठेवल्यावर तो स्वतःशीच म्हणाला.

दुपारी दादाजी तलावावरून मासे घेऊन आले. अंगणात ओली राख, फावडं आडवं पडलेलं, झाकण उघडं. धनराजनं त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. मासे हातात तसेच लटकवून त्यांनी ते ऐकलं. सांगून झाल्यावर त्यांनी एकेकाकडं पाहिलं. मुलाकडं, सुनेकडं, आणि सगळ्यांत जास्त वेळ बायकोकडं.

"जेवलं का कोणी?" त्यांनी विचारलं.

कोणीच जेवलं नव्हतं. दादाजी मासे घेऊन मोरीपाशी बसले आणि स्वतःच साफ करायला लागले. सुगंधाबाईनं चूल पेटवली, भात टाकला. तिला एकाएकी फार भूक लागली होती.