धक्क्यावरचा खुंटा आणि ढगाचं चित्र

मी धक्क्यावरचा लोखंडी खुंटा बोलतोय. बुटका आहे, अंगाने जाडजूड. मोठं प्रवासी जहाज आलं की त्याचा दोर माझ्या गळ्यात पडतो आणि ते निघेपर्यंत मी त्याला धरून राहतो. शिकलो म्हणाल तर एवढंच.

भट्टीत वितळवून मला साच्यात ओतलं, निवल्यावर ठोकून पाहिलं आणि इथे आणून कमरेपर्यंत काँक्रीटमध्ये गाडलं. तेव्हापासून जागचा हललो नाही. जग हिंडलेली जहाजं माझ्यापाशी येऊन टेकतात, म्हणून फारसं वाईट वाटत नाही.

माझ्या गळ्यात दोर घालणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे दोरनाना म्हणतात. दोर घातला की ते मला दोन थापा मारतात, बैलाच्या पाठीवर माराव्यात तशा. त्यांची लेक इथे येणाऱ्या एका पांढऱ्या प्रवासी जहाजावर कपडे धुण्याच्या कामाला आहे. तिची चिमुरडी नानांकडेच वाढते. जहाज इथे थांबलं की प्रवासी टोप्या घ्यायला, पोहायला उतरतात आणि लेक घटकाभर सुटून खाली येते. माझ्यावर बसून पोरीला मांडीवर घेते. पोर आधी परक्यासारखी बघते, मग हळूच तिच्या अंगावर रेलते. जरा कुठे ओळख पटते, तोच भोंगा वाजतो.

आमच्याकडे पावसाचं असं की तासभर कोसळतो आणि लगेच ऊन पडतं. पण हल्ली प्रत्येकाच्या फोनमध्ये ढगाचं चित्र असतं. नुसता ढग असला तर प्रवासी हिरमुसतात. सोबत वाऱ्याची खूण आली तर कप्तान आमचा थांबाच गाळतो.

हंगामातली शेवटची खेप होती. त्यानंतर जहाज थंड समुद्राकडे जाणार, ते पावसाळा सरल्यावरच परत येणार. नाना सकाळीच नातीला पिवळा फ्रॉक घालून घेऊन आले आणि तिला माझ्यावर बसवलं.

शेजारची टोपीवाली म्हणाली, "नाना, फोन बघितलात? नुसते ढग दाखवतायत."

"दाखवू देत. आमची ही जन्मभर गडगडली, पाऊस कधी पडला नाही."

"चेष्टा पुरे. मी टोप्या मांडू की नको, ते सांगा."

"मांड ग, मांड. येतंय जहाज."

तिने टोप्या मांडल्या. जहाज लांबवर दिसलं. नानांनी हातमोजे चढवले, आणि फोन वाजला.

"बाबा, थांबा रद्द झालाय. आत्ताच सांगितलं. संध्याकाळी वारा सुटणार म्हणे."

"इथे तर ऊन आहे, बाळ."

"माहितेय. मला धक्का दिसतोय." मग लेक म्हणाली, "तिला आणलंय का?"

"आणलंय. पिवळा फ्रॉक घातलाय."

"मग जरा उंच धरा ना."

नानांनी पोरीला खांद्यावर घेतलं आणि बोट दाखवलं, "ती बघ, आई." एवढ्या लांबून माणूस कुठला दिसायला? पोरीला जहाजच दिसलं. "आई," म्हणाली आणि जहाजाला हात हलवत राहिली. टोपीवालीने टोप्या आवरायला घेतल्या.

संध्याकाळी वारा खरंच सुटला. लाटा माझ्या डोक्यावरून जात होत्या. जहाज इथे बांधलेलं असतं आणि त्या ओढीत दोर तुटला असता, तर त्याचा फटका आधी नानांनाच बसला असता. कप्तानाचं काही चुकलं नाही. नानांनाही ते कळतं. दुसऱ्या दिवशी माझ्यापाशी येऊन म्हणाले, "नाही आलं तेच बरं झालं." पण थापा काही मारल्या नाहीत.

आता हंगाम संपलाय. खाऱ्या पाण्याने माझे पापुद्रे निघतायत. अधूनमधून एखादं मालाचं जहाज येतं. त्यालाही पोर आई म्हणते. आधी नाना सांगायचे, "ही नव्हे ग, आपली पांढरी." हल्ली तेही सांगत नाहीत.

ढगाचं चित्र काढणाऱ्या शहाण्या माणसांनो, तुम्हाला मी बोल लावत नाही. खोटं काढा असंही म्हणत नाही. पांढरं जहाज परत येईल त्या दिवशी आभाळच स्वच्छ असावं, आणि तुम्हाला तसंच दिसावं, एवढीच इच्छा आहे. मी थकलोय, पण धरून ठेवायचं काम अजून जमतं. त्या दिवशी दोर गळ्यात पडला, तर भोंगा वाजल्यावरही मी तो जरा उशिरानेच सोडीन.